आस्थापनेवरचा खर्च हीच सेवा

सामाजिक संस्थांना पैसा कसा द्यावा, याविषयी गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे एक मत घट्ट रुजले आहे. पैसा कामाला द्यावा, संस्थेला देऊ नये, असे ते मत. काम म्हणजे प्रकल्प. त्याला सुरुवात असावी, शेवट असावा, लाभार्थींचा आकडा असावा आणि वर्षअखेरीस अहवालात मांडता येईल असा फरक दिसावा. पगार, भाडे, वीज, हिशेबनीस, छपराची डागडुजी ही सगळी आस्थापना. तिच्यावर जितका कमी खर्च, तितकी संस्था चोख. ज्याच्या व्याजावर संस्था वर्षानुवर्षे चालेल असा कायम निधी तर देऊच नये; त्याने संस्था सुस्तावते.

हे मत आता नियमांतही उतरले आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. 2021 पासून हा पैसा संस्थेच्या कायम निधीत घातला तर तो सीएसआर म्हणून धरला जात नाही. लांब पल्ल्याच्या प्रकल्पालाही मुदत आहे, सुरुवातीचे वर्ष सोडून 3 वर्षे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली.

या मताच्या बाजूने बोलणारे लोक वाईट हेतूचे नाहीत. त्यांचा पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे. ते म्हणतात, देवस्थाने आणि जुने ट्रस्ट पाहा. इनामे मिळाली, जमिनी मिळाल्या आणि विश्वस्तांच्या तीन पिढ्या त्यावर बसून खात राहिल्या. ते म्हणतात, दात्याचा रुपया मुलाच्या ताटात पडला पाहिजे, कार्यालयाच्या खुर्चीत नव्हे. ते म्हणतात, जे मोजता येत नाही ते घडले की नाही हे कळणार कसे? आणि शेवटी म्हणतात, आपला जुना दानधर्म पुण्यासाठी होता, पंगतीपुरता होता, त्यातही ब्राह्मणांपुरता होता. अनाथ मूल, अडलेले कुटुंब, मुके जनावर यांची नेटाने, शिस्तीने काळजी घेणे आपण आधुनिक काळात शिकलो, तेव्हा जुन्याकडून घेण्यासारखे काही नाही.

या चारही मुद्द्यांना उत्तर आहे. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथला इतिहास मराठी माणसाच्या घरचा आहे आणि तरी त्याला फारसा ठाऊक नाही.

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ मरुदानल्लूर नावाचे खेडे आहे. दक्षिणेच्या भजनसंप्रदायात बोधेंद्र सरस्वती, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी या तिघांना आद्य मान आहे. सद्गुरू स्वामींनी भजनाचा क्रम बांधून दिला. त्या संप्रदायाच्या भजनात संस्कृत अष्टपद्या, तेलुगू आणि कन्नड पदे यांच्या जोडीला मराठी अभंग आजही म्हटले जातात. या संतांचा निर्वाह उंछवृत्तीवर चाले. नाम घेत गल्लीतून फिरायचे, दारोदारच्या गृहिणींनी घातलेले मूठ-पसा तांदूळ घ्यायचे आणि त्यात भागवायचे. त्या मुठीला अट नसे. अमुक इतके अभंग झाले तरच तांदूळ, असे कोणी म्हणत नसे.

सद्गुरू स्वामींचे समकालीन म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले. एकोजी राजांनी सतराव्या शतकात कावेरीकाठी मराठी राज्य स्थापले, त्या घराण्यातले हे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. राज्य गेल्यावर राजाला कशाची काळजी लागावी? 1801 साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना छत्रांविषयी सविस्तर पत्र लिहिले. पूर्वजांनी अन्नछत्रांना लावून दिलेल्या जमिनी छत्रांकडेच राहाव्यात, त्यांत हात घालू नये, अशी त्यांची मागणी होती. धर्मकृत्यांमुळे या राज्याचे जे नाव झाले, तेच आपल्याला सर्वांत मोठे भूषण वाटते, असा त्या पत्राचा सूर आहे. ही छत्रे मुख्यतः रामेश्वरच्या वाटेवर होती. नीडामंगलम, राजामडम, ओरत्तनाड अशा ठिकाणची कित्येक छत्रे राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांनी ओळखली जात. ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र तर सरफोजींनी कारभार हातचा गेल्यानंतर उभारले.

त्या पत्रातला तपशील आजच्या प्रत्येक देणगीदाराने वाचावा असा आहे. छत्रात ब्राह्मणांपासून परैयरांपर्यंत सगळ्या वाटसरूंना, जोगी-जंगम-बैरागी यांना जेवण मिळे. शिजवलेले न खाणाऱ्याला शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजे आणि ज्यांना अजून अन्न मिळाले नाही त्यांनी यावे अशी हाक दिली जाई. आजारी वाटसरूला औषध आणि पथ्याचे जेवण, तेही तो बरा होईपर्यंत. गरिबांच्या तान्ह्या मुलांना दूध. छत्रात बाळंत होणाऱ्या स्त्रीचा खर्च, औषधपाणी आणि बाळंतपणानंतर तीन महिने राहण्याची मुभा. परक्यांची पोरकी मुले शाळामास्तराच्या हवाली केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे, लागेल तेव्हा औषध, आवडीप्रमाणे विद्या आणि विद्या पुरी झाल्यावर लग्नाचा खर्च. त्याच यादीत एक बारीकशी नोंद आहे: या मुलांना दर चौथ्या दिवशी तेल लावले जाई.

या नोंदीपाशी थांबावेसे वाटते. पोरक्या पोराच्या डोक्याला तेल लावायचे म्हणजे तेल विकत आणायला पैसा हवा, तेल लावणारे माणूस पगारावर हवे आणि दिवसांचा हिशेब ठेवणारे कोणीतरी हवे. आजच्या अर्जात हा खर्च कुठे बसेल? शिक्षणाच्या रकान्यात नाही, आरोग्याच्या नाही, कौशल्यविकासाच्या तर नाहीच. तो आस्थापनेत जाईल आणि आस्थापना म्हणून कापला जाईल. घरात आई जे करते त्यातले जवळजवळ सगळेच असे आस्थापनेत मोडते. बालगृह म्हणजे ज्यांना आई नाही त्यांची आई व्हायची जबाबदारी. ती जबाबदारी पगार, भाडे, तेल, साबण, अंथरूण यांच्याच रूपाने पार पडते.

तेव्हा जुना दानधर्म पंगतीपुरता होता, हे खरे नाही. त्याला शिस्त नव्हती, हेही खरे नाही. तंजावर दरबाराची मोडीतली दफ्तरे आजही आहेत. छत्रांचे हिशेब त्यांत आहेत. मात्र खंडन करताना समोरच्याच्या पदरातले खरे माप त्याला दिले पाहिजे. छत्रांत जातीचा भेद होता. वेद शिकवायला गुरू नेमलेले होते आणि मुंजीला मदत मिळे, ती कोणाला हे सांगायला नको. पुण्यात पेशव्यांची दक्षिणा तर उघडच ब्राह्मणांसाठी होती. पण त्या दक्षिणेचे पुढे काय झाले तेही पाहावे. 1849 साली लोकहितवादींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागणी केली की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. पुण्यात मोठे वादळ उठले, महात्मा फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले, आणि 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. निधी तोच राहिला, हेतू रुंदावला. जुन्या दानात अन्याय होता म्हणून कायम निधीची कल्पनाच टाकून द्यायची, हे तर्काला धरून नाही. अन्याय दानाच्या हेतूत होता, निधीच्या कायमपणात नव्हता. आणि निधी शाबूत असेल तर हेतू सुधारता येतो. निधीच उरला नाही तर सुधारायचे काय?

आता पहिला मुद्दा, संस्था सुस्तावतात हा. काही सुस्तावतात. पण प्रकल्पावर जगणाऱ्या संस्थेचे काय होते तेही बोलले पाहिजे. सहा वर्षांची मुलगी बालगृहात आली, तर बाल न्याय कायद्याप्रमाणे ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिथे राहू शकते. म्हणजे बारा वर्षे. तीन वर्षांचा प्रकल्प तिला नवव्या वर्षी सोडतो. मग संस्थाचालक दुसऱ्या दात्याकडे जातात. त्याचा विषय या वर्षी मुलींचे शिक्षण नसून पाणी असतो, म्हणून अर्जात पाणी येते. काळजीवाहिकेचा करार संपतो, ती जाते आणि मुलीला तीन-तीन वर्षांनी नवी ताई मिळते. पोरकेपणाचे दुःख ज्या मुलीला आधीच आहे, तिला आपण तेच पुन्हा पुन्हा देतो. छत्राने मुदत दात्याच्या आर्थिक वर्षावरून ठरवली नव्हती. बाळंतिणीला तीन महिने, आजाऱ्याला बरा होईपर्यंत, मुलाला विद्या पुरी होऊन संसार लागेपर्यंत. प्रत्येक मुदत घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरलेली होती. मदतीची रास्त मुदत ती हीच.

जनावरांबाबत तर हे आणखी उघड आहे. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला पैसा मिळतो, कारण शस्त्रक्रिया मोजता येतात. ते काम आवश्यकही आहे. पण पाय मोडलेला बैल पुढे दहा वर्षे जगतो आणि रोज चारा खातो. त्याच्या जगण्यात दाखवण्यासारखा फरक दरवर्षी पडत नाही. 1834 साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपल्याच व्यापारावर लागा बसवून घेतला. माल हलला की थोडा पैसा पांजरपोळीला. चारा रोज लागतो, म्हणून पैसाही रोज यावा, इतका सरळ तो विचार होता. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली 1962 मध्ये जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले, रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्या मंडळाच्या योजनांतही रुग्णवाहिका, निवारा, नसबंदी यांच्या जोडीने नियमित अनुदान ठेवलेले आहे. जनावर रोज खाते, हे सरकारी योजनेलाही मान्य करावे लागले.

दुसरा मुद्दा: रुपया ताटात पडावा, खुर्चीत नव्हे. ताट मांडायला जमीन लागते आणि डोक्यावर छप्पर लागते. याचे सर्वांत भीषण उदाहरण मरुदानल्लूरपासून हाकेच्या अंतरावर घडले. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणमच्या एका अनुदानित शाळेत मध्यान्ह भोजन शिजत असताना आग लागली, ती झावळ्यांच्या छपराने धरली आणि 94 मुले गेली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या. अनुदान होते, पटावर मुले होती, जेवण शिजत होते. रकान्यांत भरण्यासारखे सगळे होते. छप्पर झावळ्यांचे होते. त्यानंतर तमिळनाडू सरकारने शाळांवरची अशी छपरे काढण्याचे हुकूम दिले आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दुर्घटनेवरून आलेल्या याचिकेत सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे ठरवले. त्या मुलांच्या मृत्यूला एकट्या अनुदानाची पद्धत जबाबदार होती, असे मी म्हणत नाही. पण छप्पर, जिना, स्वयंपाकघर, रखवालदार या गोष्टींना दुय्यम खर्च समजणाऱ्याने ती 94 मुले डोळ्यांपुढे ठेवावीत आणि मग बोलावे.

खुर्चीवरच्या माणसाविषयीही एक गोष्ट. परदेशी निधीच्या नियमांत शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चातून वगळला आहे, हे योग्यच. कात्री लागते ती कारकुनाच्या आणि हिशेबनिसाच्या पगाराला. दाता मागतो तो अहवाल, ती उपयोगिता प्रमाणपत्रे, ते लेखापरीक्षण तयार करतो कोण? तोच हिशेबनीस. चोख हिशेब मागायचा आणि हिशेब ठेवणाऱ्याच्या पगाराला नाक मुरडायचे, हे एकाच तोंडाने दोन गोष्टी बोलणे आहे.

आणि हा पगार निघाला नाही तर खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर पडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 पासून साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. छत्रांत जो भेद उरला होता तो इथे गेला. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही दिले. आपण ही गोष्ट भाषणांतून सांगतो आणि डोळे पुसतो. त्या माउलीच्या त्यागापुढे नमस्कारच केला पाहिजे. पण समाज म्हणून आपली मान खाली गेली पाहिजे, कारण मुलांच्या रोजच्या धान्याची तरतूद न केलेल्या समाजामुळे ती वेळ तिच्यावर आली. आजही कितीतरी संस्थांत कार्यकर्ती अर्ध्या पगारावर राबते आणि दाता आस्थापना खर्च कमी आहे म्हणून खूश होतो. ती बचत दात्याने केलेली नसते. तिच्या घरातून आलेली असते.

भाऊरावांना हे कळले होते, म्हणून त्यांनी मुष्टिफंड काढला. घरोघरी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला पडायचे. मरुदानल्लूरच्या गल्लीतली मूठ आणि सातारच्या खेड्यातली मूठ एकाच जातीची आहे: लहान, नेमाची, बिनअटीची. तिचे मोल अडचणीच्या वेळी कळते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने रयतचे अनुदान काही काळ थांबवले. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. एकाच मोठ्या दात्याच्या मर्जीवर उभी असलेली संस्था त्याच्या रोषाने पडू शकते. हजार मुठींवर उभी असलेली संस्था इतक्या सहज पडत नाही.

गाडगेबाबांचे नाव आले म्हणून आणखी एक सांगतो. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरीब मुलाला शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, गरिबाचे लग्न आणि मुक्या प्राण्याला अभय आहे. सरफोजींच्या पत्रातली छत्रांची यादी तिच्याशेजारी ठेवा. अन्न, वस्त्र, विद्या, निवारा, औषध, लग्न. बहुतेक कलमे जुळतात. एक राजा, एक परीट. मध्ये शंभर-सव्वाशे वर्षे आणि हजार किलोमीटर. दोघांनाही माणसाची गरज अखंड दिसली. विषयवार प्रकल्पांत तिचे तुकडे करणे दोघांनाही सुचले नाही.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. मोजलेच पाहिजे, मी मोजमापाच्या विरुद्ध नाही. छत्रांतही किती जेवले आणि किती धान्य लागले याचा हिशेब होता. प्रश्न असा की मोजायचे काय. मध्यरात्रीची ती घंटा हे उत्तम मोजमाप आहे. किती जणांना जेवू घातले एवढ्यावर न थांबता कोण उपाशी राहिले हे ती विचारते. आजच्या दात्याने संस्थेला असेच प्रश्न विचारावेत. मुलांची काळजी घेणारी माणसे किती वर्षे टिकली? अठरा वर्षे पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुलांशी तुमचा संबंध आहे का? परत पाठवावे लागलेले मूल कोणते, आणि का? या प्रश्नांची उत्तरे कायम माणसे असलेली संस्थाच देऊ शकते.

राहिली भीती अपहाराची. ती खोटी नाही. कायम निधीवर डल्ला मारणारे विश्वस्त होते आणि आहेत. पण त्यावर इलाज देखरेखीचा आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त आहेत, लेखापरीक्षण सक्तीचे आहे, स्थावर मालमत्ता विकायला परवानगी लागते. ही यंत्रणा बळकट करावी. चोरी होते म्हणून तिजोरीच बाळगू नये, असा सल्ला कोणी शहाणा देत नाही. शिवाय कायम निधी किती टिकतो तेही तंजावरनेच दाखवले. 1855 मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. छत्रे मात्र उरली. त्यांचा कारभार सरकारकडे, पुढे जिल्हा बोर्डाकडे गेला. ओरत्तनाडच्या छत्रात मुलांची शाळा-वसतिगृहे चालली, छत्रांच्या पैशातून तिरुवैयारूला 1881 मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, तिचेच आज महाविद्यालय आहे. घराणे संपले, सत्ता दोनदा बदलली, वास्तूंची पडझड झाली, तरी मुले शिकत राहिली. तीन वर्षांच्या कोणत्या प्रकल्पाने हे केले असते?

बाहेरच्या जगातले मोठे दातेही आता या वाटेला लागले आहेत. फोर्ड फाउंडेशनने 2016 पासून निवडक संस्थांना पाच-पाच वर्षांची, संस्था बळकट करणारी लवचीक मदत सुरू केली; मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020 पासून अटींविना मोठमोठ्या रकमा दिल्या. आपल्याकडे ज्या गोष्टीला कायद्याने आडकाठी केली, ती जगाला हवीशी वाटू लागली आहे.

म्हणून सिद्धांत असा. मूल, अडलेले कुटुंब आणि जनावर यांच्या सेवेत आस्थापना वेगळी काढता येत नाही. तीच सेवा आहे. कायद्याने सीएसआरच्या पैशाचा काही वाटा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या आणि हिशेब चोख असलेल्या संस्थांच्या कायम निधीत घालण्याची मुभा द्यावी. बालगृहाला मदत देणाऱ्याने मुदत मुलाच्या वयावरून ठरवावी, आर्थिक वर्षावरून नव्हे. पांजरपोळीला देणाऱ्याने चाऱ्याचा पैसा महिन्याच्या महिन्याला द्यावा. संस्थांनी आस्थापना खर्च लपवणे सोडावे. तो ताठ मानेने पहिल्या पानावर छापावा आणि कोणत्या पगाराने कोणते मूल वाढले ते सांगावे. आणि आपण, लहान देणारे, वाढदिवसाच्या एका दिवसाच्या जेवणाऐवजी दर महिन्याची ठरलेली रक्कम बिनअटीने द्यावी आणि अर्जात लिहावे: पगार, भाडे, तेल, साबण, जिथे लागेल तिथे वापरा.